उजवं मागचं चाक

हे मी आजपर्यंत कोणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही, आणि तिला तर माझं डोकं दुखायला लागलं की माझ्याआधी कळतं. तुमच्यापुढे का बोलतोय? तेही मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, अर्ध्या पानात उरकेल. चार दिवस झाले. रोज मशीनपाशी येतो आणि अडतो. म्हणून आज मशीनपासूनच सुरुवात करतो — मशीनबद्दल बोलताना निदान माझी जीभ अडखळत नाही.

तर इथल्या आमच्या मराठी मंडळाचं गवत कापायचं मशीन. ढकलत चालवायचं, पेट्रोलवरचं, चार चाकांचं. प्रत्येक चाकाशी एक स्प्रिंगचा लिव्हर, लिव्हरला एक दात, आणि शेजारच्या लोखंडी पट्टीत पाच खाचा. दात ज्या खाचेत बसवाल तेवढी मशीनची उंची. चारही चाकं सारख्या खाचेत असली की गवत सारखं कापलं जातं. एक चाक खालच्या खाचेत उतरलं तर त्या बाजूला मशीन बसतं, पातं जमिनीला टेकतं आणि हिरवळीला टक्कल पडतं. बस, एवढंच शास्त्र आहे. यात न समजण्यासारखं काही नाही, आणि मी तर फिटर.

भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये चौतीस वर्षं फिटर होतो. क्रेनची चाकं बसवली, कमरेएवढी. वडील गोंदियाकडची शेती भावाच्या हवाली करून इथे आले, मीही इथेच चिकटलो. माझा हात लागला की मशीन पुन्हा तक्रार करत नाही, असं शॉपमध्ये, म्हणजे आमच्या खात्यात, म्हणायचे. मीही म्हणायचो. खरं सांगायचं तर मीच जास्त म्हणायचो.

आता सुखदेव. हा आमच्या शेजारच्या गावचा, आमगावकडचा. प्लांटमध्ये ठेकेदाराकडे होता. प्यायचा — थोडीथोडकी नाही, गटाराच्या काठावर झोपण्याइतकी. काम गेलं, बायको खंगून गेली, पोरगी वनिता मामाकडे वाढली. मग एके दिवशी त्याने सोडली. कशी सोडली कोण जाणे, पण सोडली. तीन वर्षं मी त्याला जवळून पाहिलं आणि मग मंडळाच्या बैठकीत उभा राहून म्हणालो, या माणसाची हमी माझी. त्याला मंडळाच्या हॉलची राखण मिळाली, मागची खोली मिळाली, आणि हॉलपुढची हिरवळ मिळाली.

त्या हिरवळीचं त्याने काय केलं ते पाहायला हवं होतं तुम्ही. आधी तिथे नुसता काँग्रेस गवताचा उच्छाद होता. त्याने सगळं तण हाताने उपटलं, दूब, म्हणजे आपली हरळी, लावली, भिलाईच्या उन्हाळ्यात बादलीने पाणी घालून जगवली. चप्पल घालून कोणी आत शिरलं की हा लांबूनच हात जोडायचा. बायका हसायच्या त्याला. पण चपला काढायच्या.

वनिताचं लग्न दुर्गला झालं होतं. तिला सव्वा वर्षाची मुलगी होती आणि एका दुकानात नोकरी लागली होती. मुलीला दिवसभर ठेवायचं कुठे? सुखदेव म्हणाला, माझ्याकडे ठेव. तिने कितीतरी दिवस विषय टाळला. मग म्हणाली, संक्रांतीनंतर ठेवीन — पण बाबा, एक दिवस जरी वास आला, तर पोरीचं तोंड दिसणार नाही. हे सुखदेवने मला स्वतः सांगितलं. सांगताना हसत होता. खोलीच्या दाराला त्याने लाकडाची फळी ठोकली होती, नात रांगत बाहेर जाऊ नये म्हणून.

हे सगळं मला माहीत होतं, हे तुम्ही लक्षात ठेवा. मी पुढे जे केलं ते हे माहीत असताना केलं.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू हिरवळीवर ठरलं. खुर्च्या नकोत, सगळ्यांनी गवतावरच बसायचं, अशी बायकांची हौस. आणि त्याच कार्यक्रमात माझा सत्कार. निवृत्तीला दोन महिने उरले होते, मंडळाने शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं होतं. कार्यक्रम रविवारी. गुरुवारी सुखदेव मशीन ढकलत माझ्या क्वार्टरवर घेऊन आला. सेक्टर दहापर्यंत, भर रस्त्याने. उजव्या मागच्या चाकाचा लिव्हर खाचेत ठरत नव्हता. पट्टीच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

खरं काम काय होतं? पट्टी काढायची, हथखोजला एखाद्या वर्कशॉपमध्ये नेऊन तशीच नवी कापून आणायची. एका दिवसाचं काम. सुखदेवच म्हणाला, मी नेतो सायकलवर. मला राग आला. राग म्हणजे काय — अपमान वाटला. मी घरात असताना हथखोज कशाला? ज्याने क्रेन उभ्या केल्या त्याला हे खेळणं जमू नये? मी म्हटलं, ठेव इथे, संध्याकाळी घेऊन जा.

मी काय केलं ते सांगतो. पट्टीला भोक पाडलं आणि लिव्हर बोल्टने आवळून टाकला, हव्या त्या उंचीवर. भोक जरा मोठं पडलं. आणि स्प्रिंग वॉशर टाकला नाही. डब्यात नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला असता, पण आत चहा झाला होता आणि मला उठायचा कंटाळा आला. जी वस्तू थरथरते तिच्या नटाखाली स्प्रिंग वॉशर हवाच — हे मी शॉपमध्ये किती नव्या लोकांना ओरडून ओरडून शिकवलं असेल!

आता अजून एक गोष्ट. आमच्या शॉपमध्ये एक रीत होती. कामचलाऊ दुरुस्ती केली की त्या जागी लाल चिंधी बांधायची. कागदावर काय लिहायचं ते लिहा, पण चिंधी बांधा. पुढच्या शिफ्टचा माणूस चिंधी पाहिली की समजतो, याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, लक्ष ठेवायचं. चिंधी न बांधता जाणारा आमच्यात सगळ्यात हलका माणूस. मी एकाशी यावरून दोन वर्षं बोललो नव्हतो.

मी त्या लिव्हरला चिंधी बांधली नाही.

विसरलो? इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. कधी सांगतो की सुखदेवला तिचा अर्थ कुठे कळला असता. पण तो ठेकेदाराकडे का होईना, प्लांटमध्येच होता. त्याला कळला असता. कधी वाटतं, सणाच्या मशीनवर चिंधी वाईट दिसेल असा विचार केला होता. आणि कधी — हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते — कधी वाटतं की माझ्या हातच्या कामावर ‘कच्चं’ अशी खूण मलाच नको होती, तीन दिवसांवर सत्कार असताना. यातलं खरं कोणतं? मला आता खरंच कळत नाही. एकच आठवण इतक्या वेळा उलटीपालटी केली की तिची बाजूच समजेनाशी झाली.

शनिवारी सकाळी सुखदेवने हिरवळ कापली. अकराच्या सुमारास मंडळाच्या सचिवांचा मला फोन आला, लगेच या. मी गेलो.

काय सांगू तुम्हाला. हिरवळीवर वाकडेतिकडे पट्टे. उजव्या बाजूने कुठे जमीन खरवडून माती वर आलेली, कुठे गवत तसंच उंच, मग पुन्हा माती. सुखदेव मध्ये उभा. मशीन बंद. सात-आठ जण भोवती जमले होते, आणि नेमकी वनिता आली होती. मुलीला कडेवर घेऊन, खोली बघायला. कोणी काही विचारत नव्हतं. सगळ्यांना उत्तर आधीच मिळालं होतं. सरळ रेषेत चालता येत नाही असा माणूस, आणि त्याचा इतिहास सगळ्यांना ठाऊक.

मला पाहताक्षणी कळलं. एका नजरेत. माझा बोल्ट. मशीन चाललं की थरथरीने नट सैल होऊन लिव्हर दोन खाचा खाली, वळवताना मागची चाकं उचलली की स्प्रिंगने परत वर. पातं मातीत रुतलं की मशीन उजवीकडे ओढलं जायचं, म्हणून पट्टे तसे. मशीन थांबवून, उचलून पाहिलं तर लिव्हर बरोबर आपल्या जागी. सुखदेवने थांबवून थांबवून पाहिलं असणार, आणि दर वेळी त्याला सगळं ठीकच दिसलं असणार.

सचिव मला म्हणाले, “हमी तुम्हीच घेतली होती ना?” मी मान खाली घातली. आणि त्या खाली घातलेल्या मानेचा सगळ्यांनी जो घ्यायचा तो अर्थ घेतला.

इथे मी थांबलो असतो तरी एक वेळ — नाही, तसं नको. पुढचं सांगतो.

सुखदेव माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा गोंधळलेला होता. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, “भाऊ, मी पेलो नाही. तुमी एकडाव मशीन पाहा ना. मशीनमधेच काई खोट आहे, का मलेच दिसून नाही राहिलं?”

सगळे बघत होते. वनिता बघत होती. मी मशीन हिरवळीवरून उचलायला लावलं आणि हॉलच्या सिमेंटच्या ओट्यावर ठेवलं. खाली वाकलो. नटावर अंगठा ठेवला, तो बोटाने फिरत होता. मी तो बोटानेच आवळला. कोणाला दिसलं नाही, माझी पाठ त्यांच्याकडे होती. मग मशीन चालू केलं, जागेवर, न ढकलता. सपाट ओट्यावर, भार न देता, अर्धा मिनिट. एवढ्यात काय हलणार होतं? हलणार नाही हे मला माहीत होतं. मी तपासणीच अशी निवडली की दोष दिसू नये. आणि हे ठरवायला मला एक क्षणसुद्धा लागला नाही. चौतीस वर्षांची माझी सगळी हुशारी त्या अर्ध्या मिनिटात माझ्या कामी आली.

मशीन बंद करून मी म्हणालो, “मशीन ठीक आहे.”

बस, हेच ते. तीन शब्द.

का म्हणालो? माझं काय बिघडणार होतं? लोक हसले असते, सचिव म्हणाले असते, काय मिस्त्री, म्हातारे झालात. सत्कार तरी झालाच असता. माझी नोकरी जाणार नव्हती, घर जाणार नव्हतं. समोरच्याचं सगळं जाणार होतं आणि माझं काहीही नाही, तरी मी माझंच वाचवलं. यात कुठे हिशेब लागतो का तुम्हाला? मला लागत नाही. भित्रा माणूस निदान कशाला तरी भितो. मी कशाला भ्यालो?

वनिता पुढे आली, वडिलांच्या तोंडाजवळ नाक नेलं. सगळ्यांसमोर. सकाळी खोकल्याचं औषध घेतलं होतं त्याने, वास त्याचाच आहे असं तो सांगत होता, आणि सांगितल्याने सगळं आणखीच वाईट दिसत होतं. तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि फाटकाबाहेर जाऊन ऑटोत बसली.

मंडळाने सुखदेवला काढलं नाही, बरं का. मोठ्या मनाने माफ केलं. सणाचा दिवस आहे, झालं गेलं, पुन्हा करू नकोस. जे केलंच नव्हतं त्याची माफी. रविवारी सतरंज्या अंथरून टकलावर झाकण घातलं, बायकांनी वाण दिलं, तिळगूळ वाटला, मला शाल मिळाली. कोणीतरी भाषणात म्हणालं की यांच्या हाताला यश आहे. सुखदेव मागे पाण्याचे पेले भरत होता. मला पेला त्यानेच आणून दिला. मी प्यायलो.

सोमवारी मी हथखोजला गेलो आणि नवी पट्टी करून आणली. कोणालाही न सांगता बसवली. जुनी पट्टी, भोकासकट, भंगारात टाकली. त्यानंतर ते मशीन कधीच बिघडलं नाही. पट्टे सरळ येऊ लागले, आणि लोक म्हणाले — बघा, आता शुद्धीवर आहे.

दोन महिन्यांत सुखदेव गावी निघून गेला. खोलीची किल्ली सचिवांना दिली आणि मला भेटायला घरी आला. मला वाटलं, आता बोलेल. आता विचारेल. तो म्हणाला, “भाऊ, तुमाले माझ्यापायी खाली पाहावं लागलं. मनात नका ठेवू.” बायकोने पोहे केले होते. त्याने खाल्ले. मी त्याला बसस्टॉपपर्यंत स्कूटरवर सोडलं आणि परत आलो.

त्याला कधी संशय आला होता का? मला माहीत नाही. तो लोखंडातलाच माणूस, नवी पट्टी त्याला दिसली असणारच. रोज तेच मशीन ढकलत होता दोन महिने. मग काही का बोलला नाही? मला वाचवत होता? की स्वतःवरचाच भरवसा उडाला होता त्याचा? कित्येक दुपारी मी हेच डोक्यात घोळवत बसून असतो. बायको विचारते, कसला विचार करताय. मी म्हणतो, काही नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी कदाचित हे असंच घेऊन गेलो असतो. पण गेल्या महिन्यात सिविक सेंटरला बँकेच्या कामाला गेलो होतो, तिथे मागून कोणीतरी हाक मारली, काका. वनिता. पाया पडली. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी, शाळेच्या पोशाखात, आईपेक्षा उंच. हिंदीत बोलत होती आईशी.

वनिताने सांगितलं, बाबा दिवाळीच्या आधी गेले. मी म्हणालो, अरेरे. मग ती म्हणाली की गावी गेल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी एक थेंब घेतला नाही. सगळा गाव सांगतो. तिनेही पाहिलं. फक्त त्या एका दिवसाबद्दल त्यांनी कधी कबूल केलं नाही. मरायच्या आधीही नाही. आणि म्हणूनच तिने मुलीला त्यांच्याकडे कधी ठेवलं नाही. पिण्याचा राग नव्हता उरला तिला, खोटं बोलण्याचा होता.

“एक डाव कबूल केलं असतं ना, काका, तं मी माफ करून टाकलं असतं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघत विचारलं, “तुमी तं तिथंच होते. तुमाले मालूम असन. खरंखरं सांगा, त्या दिवशी बाबा पेले होते का?”

दुपारचे बारा वाजले होते. रस्त्यावर गर्दी होती, कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. सचिव नव्हते, मंडळ नव्हतं, सत्कार नव्हता. मला कोणी फिटर म्हणूनही ओळखत नव्हतं तिथे. फक्त ती आणि मी, आणि तिची मुलगी, जी फोनमध्ये बघत होती.

मी म्हणालो, “जाऊ दे बाई. गेलेल्या माणसाचं काय काढायचं.”

तिने मान हलवली. हळूहळू, दोनदा. तिला उत्तर मिळालं होतं. डोळे पुसले, मुलीला म्हणाली चल, आणि मला पुन्हा एकदा नमस्कार करून म्हणाली, तुम्ही बाबांसाठी खूप केलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा म्हणालो. त्या दोघी गेल्या आणि मी बँकेत जाऊन माझं काम करून आलो.

सुखदेव त्या दिवशी प्यायलेला नव्हता. मशीन मी बिघडवलं होतं, मला ते तेव्हाच कळलं होतं, आणि मी दोनदा खोटं बोललो. एकदा तो जिवंत असताना, एकदा तो गेल्यावर.